रिकाम्या हाताला झोप येत नाही

आयुष्यभर मी लोकांना झोपवण्याचे पैसे घेतले. एवढं वाचून कुणाला वाटेल, बाई कीर्तन करत असतील किंवा पुढाऱ्यांना भाषणं लिहून देत असतील. तसं काही नाही. भुसावळला रेल्वे क्वार्टरच्या मागच्या गल्लीत माझं पाळणाघर होतं. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा ते बंद केलं, नाहीतर आजही दुपारी मी कुठल्यातरी चिमुरड्याची पाठ थोपटतानाच सापडले असते.

आमच्या धंद्याची एक गैरसोय आहे. काम फत्ते झालं की गिऱ्हाईक झोपलेलं असतं, त्यामुळे शाबासकी द्यायला जागं कुणी उरत नाही. आणि मोठं झाल्यावर तर त्याला आपण आठवतही नाही. परवा बाजारात एक दाढीवाला उंच तरुण आईबरोबर भेटला. आई म्हणाली, "अरे, मावशींच्या पाया पड, यांनीच तुला सांभाळलं." बिचारा वाकला, पण चेहऱ्यावर 'कोण ह्या बाई' असा स्वच्छ भाव. मी मात्र त्याला ओळखलं होतं. पालथा पडून, ढुंगण वर करून झोपायचा. पण भर बाजारात हे कसं सांगणार? अशा वेळी थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

बाहेरच्यांना वाटतं, पाळणाघर म्हणजे खाऊ घालायचं आणि शी-शू काढायची. ते सोपं असतं. खरी परीक्षा जेवणानंतर. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं, आत कूलर घरघरतोय, जमिनीवर गाद्या अंथरलेल्या, आणि निरनिराळ्या घरची, निरनिराळ्या लाडांची मुलं एका खोलीत एकाच वेळी झोपवायची. एकाने सूर लावला की बाकीचे साथ देतात. माझी मदतनीस शकीला म्हणायची, "मावशी, एक इंजन चालू हुआ के सारे डब्बे चालू." तिचा नवरा यार्डात कामाला होता, तिला तीच उपमा सुचणार.

प्रत्येक मुलाची झोपेत शिरायची आपली एक वाट असते. कुणी अंगठा चोखतं, कुणी उशीचा कोपरा चघळतं, कुणी स्वतःचा कान ओढतं, कुणी दुसऱ्याचा. दुसऱ्याचा कान ओढणाऱ्याला भिंतीकडे झोपवायचं, एवढं शहाणपण मला पहिल्याच आठवड्यात आलं. यातल्या बहुतेक सवयी आपल्याआपण सुटतात. त्यांच्या मागे लागू नये. दाढी आलेला माणूस अंगठा चोखताना मी अजून पाहिलेला नाही. पण एखादी सवय मुलाला इजा करायला लागते, आणि मग घरातला जो तो वैद्य होतो.

एका मारवाडी कापडवाल्यांची नात माझ्याकडे होती. अंगठा चोखून चोखून तिच्या अंगठ्याला जखम झाली होती. तिची दादी रोज सकाळी त्या अंगठ्याला कारल्याचा रस लावून तिला पाठवायची. परिणाम असा झाला की पोरीला कारलं आवडायला लागलं. अख्ख्या पाळणाघरात कारल्याची भाजी मागून खाणारं ते एकच मूल. अंगठा होता तिथेच होता. शेवटी मी तिच्या आजोबांच्या दुकानातून मलमलचा एक तुकडा मागून घेतला आणि तिला अंगठ्याने त्याचा कोपरा चोळायची गंमत शिकवली. अंगठा चोळण्यात गुंतला की तोंडात कसा जाणार? हळूहळू सुटला. दादी आजही सांगते, कारल्याने गुण आला. सांगू द्या, आपलं काय जातंय.

दुसरा एक पठ्ठ्या यार्डाला लागून असलेल्या क्वार्टरमधला. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याशिवाय त्याला झोपच यायची नाही. सुट्टीत त्याला चोपड्याजवळ मामाच्या मळ्यात नेलं. केळीच्या बागेत कसली शांतता! पोरगं त्या शांततेला भिऊन किंचाळायला लागलं. मामाने डोकं चालवलं आणि अंगणात ट्रॅक्टर सुरू करून ठेवला. भाचा झोपला, सगळा मळा जागा झाला. त्याच्या आईचा मला फोन आला, "मावशी, डिझेल जाळून जाळून भाऊ कंटाळलाय." मी तिला पाठीवर डब्यांच्या चालीने थोपटायला सांगितलं, धडाड-धड, धडाड-धड. थोपटायला डिझेल लागत नाही.

माझं सगळं शास्त्र एवढंच. मुलाची सवय काढून घ्यायची नाही, आधी हातात दुसरं काही द्यायचं. रिकाम्या हाताला झोप येत नाही. लोक उलटं करतात. आधी हिसकावतात, मग रडलं की मोबाईल देतात, मग मोबाईल सोडवायला माझ्याकडे येतात. आणि दुसरा नियम, जे करायचं ते घरातल्या प्रत्येकाने सारखंच करायचं. आईचं एक, आजीचं दुसरं असं झालं की मूल तिसरंच काहीतरी शोधतं. हा दुसरा नियम मोडला की काय रामायण होतं ते शिवूच्या वेळी कळलं. आज त्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

शिवू दोन वर्षं उलटलेला, गोरागोमटा आणि दोन वेण्यांचा. नवीन माणूस हमखास विचारायचं, "हिचं नाव काय?" त्याचं जाऊळ व्हायचं होतं. त्यांच्या घरचा रिवाज असा की पहिले केस कुलदेवीच्या देवळात, मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचे. तोवर केसांना कात्री लावायची नाही. आणि मामा होता फौजेत, सरहद्दीवर. त्याला रजा मिळेना, म्हणून जाऊळ लांबलेलं. केस वाढत गेले, आणि आई रोज सकाळी लाल रिबिनी लावून दोन घट्ट वेण्या घालून त्याला आणून सोडायची.

ही आई म्हणजे वर्षा. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसणारी, पुढे स्वतः ड्रायव्हर होणारी. पाठीवर काळी बॅग, पायात जड बूट, आणि एका हातात हे वेणीवालं पोरगं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. नवरा औष्णिक वीज केंद्रात पाळीवर. म्हणून सासू-सासरे शिंदखेड्याकडच्या गावाहून मुलाला सांभाळायला येऊन राहिलेले. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे, सासूला अक्का. दोघंही वयस्कर, दिवसभर त्याच्या मागे धावणं व्हायचं नाही, म्हणून वर्षा ड्यूटीवर असली की दिवसापुरता शिवू माझ्याकडे.

शकीलाने पहिल्यांदा पाहिलं. झोपायच्या वेळी ती मला खुणेने बोलवून म्हणाली, "मावशी, देखो तो, याच्या तोंडात काय हाय?" केस होते. शिवू डोळे मिटून पडला होता, डावा हात कानाच्या वर, आणि बोटाला केस गुंडाळून ओढत होता. निघाला की तोंडात. वेणीखाली लपलेला भाग उघडून बघितला तर रुपयाएवढं टक्कल.

वर्षाला सांगितलं तेव्हा तिला काही आश्चर्य वाटलं नाही. तिला माहीत होतं. कॉलनीतल्या मुलांच्या डॉक्टरांना तिने दाखवलंही होतं. डॉक्टर भले गृहस्थ. ते म्हणाले, रागावू नका, मारू नका, पण केस पोटात जाऊन त्यांचा गोळा होऊ शकतो, तेव्हा सरळ केस बारीक कापून टाका. हे तिने घरी सांगितलं आणि घरात भडका उडाला. जाऊळ व्हायच्या आधी कात्री? आबांचा आवाज मोठा, आणि मत त्याहून मोठं. ते म्हणाले होते, "केस कापीसन काय व्हई? माय घर नही, म्हनीसन पोऱ्या केस उपटस. इंजनवर जावानं काम बाईमानूसनं शे का?"

पुढचं वर्षाने मला खाली मान घालून सांगितलं. आबांनी मुदत घातली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाला रजा मिळेल, तेव्हा गावी जाऊळ होईल. तोवर पोराचं हे केस उपटणं थांबलं नाही, तर जाऊळ झाल्यावर शिवू परत भुसावळला यायचा नाही. तो आजी-आजोबांबरोबर गावीच राहील. नाहीतर वर्षाने नोकरी सोडावी.

"मावशी, किती अभ्यास करून मिळालेली नोकरी आहे," ती म्हणाली. "पण त्याला सोडून नाही राहू शकणार मी. सोडावी लागेल." इंजिनात बसणारी पोरगी, माझ्या ओट्यावर बसून मुसमुसत होती. मला आबांचा असा राग आला की काय सांगू. पण राग करून पोराचे केस उगवत नाहीत.

कामाला लागले. आधी आम्ही नेहमीच्या चुका करून घेतल्या. अक्कांनी टोपडं शिवून घातलं, त्या उन्हाळ्यात डोकं घामोळ्यांनी भरलं. मी बाजारातून लांब केसांची बाहुली आणली, त्याने तिचे नायलॉनचे केस तोंडात घालून पाहिले आणि बाहुली कूलरच्या टाकीत टाकली. मग मी ते सगळं सोडलं आणि नुसती त्याच्या शेजारी आडवी होऊन बघत राहिले. आमच्या धंद्यात बघत राहणं हेच मोठं काम. तेव्हा लक्षात आलं, तो केस लगेच ओढत नाही. आधी वेणीचं टोक नाकाशी नेतो, वास घेतो, मग बोटाने पीळ देतो, झोप जवळ आली की मग हिसका. त्याला हवा होता तो वास आणि तो पीळ.

वर्षाला विचारलं, "हा तान्हा असताना झोपताना काय धरायचा?"

तिने स्वतःची वेणी पुढे ओढून दाखवली. "हे टोक. बाळंतपणाची रजा संपेपर्यंत ह्याच्या मुठीत माझा शेपटा असायचा. मला कूस पालटता यायची नाही."

म्हणजे बघा. आई ड्यूटीवर गेली, तिच्याबरोबर वेणीही गेली. दुसरं एखादं पोर उशी शोधतं, पांघरूण शोधतं. ह्याच्या डोक्यावर देवीच्या नावाने राखलेल्या दोन वेण्या आयत्याच होत्या. त्याने हात वर केला आणि आईची सोय स्वतःच्या डोक्यावर लावली. आबांचं अर्धं म्हणणं खरं होतं, हे मला कबूल करावं लागलं. पण अर्धंच.

मग मी वर्षाची एक जुनी काळी सुती ओढणी मागवली. तिला सांगितलं, आठवडाभर ही उशाशी घेऊन झोप, केसांना लाव. तिची आई माक्याचं तेल करून पाठवायची, त्याचा वास तिच्या केसांना असायचा, तो ओढणीत मुरला. ओढणीच्या पट्ट्या फाडून मी तीन पदरी वेणी घातली. वीतभरच, म्हणजे गळ्याभोवती जायची भीती नको. टोकं पक्की शिवली, एक धागा सुटेल तर शपथ. खाली लाल रिबिनीचा तुकडा टाचला, कारण शिवूच्या वेणीला लाल रिबीन होती.

अशी वस्तू थेट झोपायच्या वेळी देऊन चालत नाही. झोपेला आलेलं मूल नव्या पाहुण्याला घरात घेत नाही. आधी दिवसा खेळात आणायची. मी ती वेणी माझ्या कानावर लावून शिवूपुढे मिरवले, शकीलाने मिशी म्हणून लावली, शिवू खदखदून हसला आणि वेणी त्याची झाली. मग झोपताना त्याचे खरे केस डोक्यावर अंबाड्यात बांधून टाकायचे, आणि हात वर जायला लागला की काही न बोलता, नको-नाही न म्हणता, बोटात ही वेणी द्यायची. डोळा लागला की काढून घ्यायची. पहिले काही दिवस तो दोन्हींकडे जायचा. मग कापडाची वेणी नाकाशी न्यायला लागला. एकदा त्याने स्वतःहून हात पसरून "वेनी" म्हटलं, तेव्हा शकीलाने मला असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला.

वेणी रोज घरी जायची, रोज परत यायची. घरी सगळ्यांना दाखव, आबा-अक्कांनाही शिकव, असं मी वर्षाला बजावलं होतं. ती "हो हो" म्हणाली. आणि घरी जाऊन तिने ती शिवूच्या उशीखाली लपवली. तिचा नवरा आणि ती, दोघांनाच माहीत. टकलावर बारीक लव दिसायला लागली होती, मी खुशीत होते, आणि आखाजी जवळ येत होती.

एका सकाळी वर्षा शिवूला सोडून गेली, आणि दुपारी मुलांची जेवणं आटोपतात तोच आबा आणि अक्का माझ्या दारात. अक्कांचा चेहरा पांढरा पडलेला. आत न येताच त्या म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. तुमना आठे कोनी पोऱ्यावर काय करेल शे का?"

मला काही कळेना.

"मना नातूना उशीखाले सापडनं," अक्का कुजबुजल्या. "काया केसनी वेनी. लाल कपडा बांधेल. तेलना वास. आनि त्याले पोऱ्याना केस चिकटेल!"

माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षा त्या दिवशी घाईत वेणी घरीच विसरली होती. काळी वेणी, लाल चिंधी, तेल, आणि वर पोराचेच केस. दुसरं कुणीही असतं तरी त्याला करणीच वाटली असती. मला हसू फुटणार होतं, पण अक्कांकडे पाहून ते आवरलं. त्या बिचाऱ्या खऱ्याच घाबरल्या होत्या.

"मग तुम्ही त्याचं काय केलं, अक्का?"

"काय करसू? नारय फोडं, आनि तापीमाईमा सोडी दिनी."

झालं. माझी आठवड्यांची मेहनत तापीतून सुरतेकडे निघाली होती. त्यात आबा पुढे सरसावले. ते माझ्यावर ओरडले नाहीत, पण ठाम होते. "आते जाऊळनी वाट देखनी नही. पोऱ्याले आम्ही आजच गावले ली जातस. त्यानी माय घर ई तवय तिले सांगी द्या."

वर्षा तेव्हा मालगाडीवर खंडव्याच्या वाटेवर असेल. ती ड्यूटीवरून परत येणार आणि घरी पाळणा रिकामा. मी आबांना एवढंच म्हटलं, "न्या. नातू तुमचा आहे. पण त्याची झोपायची वेळ झाली आहे. तेवढं झोपू द्या, मग न्या. आणि ती वेणी मी केली होती. का केली ते बसून बघा."

आबा दाराशी खुर्चीवर बसले, अक्का शिवूच्या गादीजवळ जमिनीवर. शिवूने उशीखाली हात घातला. "वेनी?" म्हणाला. वेणी नव्हती. ओठ थरथरले, हात कानाच्या वर गेला, अंबाड्यातून एक बट ओढून काढली, आणि रडतरडत हिसका. अक्कांनी ते पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिलं असावं. त्या "अरे मना सोन्या" करून पुढे झाल्या. मी त्यांच्या लुगड्याच्या पदराचं टोक उचललं, पिळून जाड केलं आणि शिवूच्या बोटांत दिलं.

त्याने ते नाकाशी नेलं. वास तर वेगळा होता. त्याने पुन्हा हुंगलं. अक्कांकडे पाहिलं. मग पीळ द्यायला लागला. हुंदके देत देत, पदर पिळत पिळत तो झोपला. अक्का हलल्या नाहीत. मूठ घट्ट होती, पदर सोडवता येईना. मी म्हटलं, "सोडवून देऊ का?" तर मलाच डोळे वटारून गप्प केलं. तो उठेपर्यंत ती बाई त्या पदराला बांधल्यासारखी बसून राहिली. पाय बधिर झाले, पाणीसुद्धा प्यायली नाही.

तेवढ्या वेळात मी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आईचा शेपटा, वास, पीळ, ओढणी. अक्का ऐकत होत्या आणि मधूनमधून शिवूच्या टकलावरची लव बोटाने चाचपत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आनि मी तापीमाईले दी उनू." मग त्या स्वतःच हसायला लागल्या, तोंडाला पदर लावता येईना म्हणून हाताने तोंड दाबून.

शिवू उठल्यावर अक्कांनी माझ्याकडे कात्री मागितली. घरून आपलं एक जुनं मऊ लुगडं आणायला त्यांनी आबांना पिटाळलं. वर्षाची उरलेली ओढणी माझ्याकडे होतीच. दोन पदर झाले, तिसरा हवा. मी मांजरपाटाचा तुकडा शोधत होते, तेवढ्यात आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढे धरलं.

"हाई ल्या. मी काय पोऱ्याना कोनी नही का?"

संध्याकाळी वर्षा ड्यूटीवरून थेट आली. दारातून आत पाहिलं तर सासूबाई जमिनीवर बसून वेणी घालताहेत, सासरे टोक धरून बसलेत, आणि पोरगं दोघांच्या मध्ये नाचतंय. बॅग तिच्या हातातून खाली आली. तिला वाटलं, गुपित फुटलं, सगळं संपलं.

आबांनी वर न बघताच विचारलं, "आमले काब्र नही सांगं?"

वर्षा खोटं बोलली नाही. "आबा, तुम्ही म्हणाला असता, पोराला आईची ओढ आहे, तर सोड नोकरी."

आबा म्हणाले, "म्हनतूच मी." आणि उपरण्याचं टोक अजून ताणून धरलं. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मुदत मात्र त्यांनी मागे घेतली नाही. "जाऊळ व्हस तवलोंग देखू," एवढंच म्हणाले.

नव्या वेणीची जादू अशी की ती तिघांची होती. आई नसली तर अक्का झोपवायच्या, अक्का दमल्या तर आबा. तिघांचंही करणं एकच, न बोलता बोटात वेणी. हे माझ्या हातून कधी झालं नसतं. मी फार तर दुपार सांभाळणार, रात्र घरच्यांची असते. आखाजीपर्यंत कानावरचं टक्कल नीट भरून आलं.

आखाजीला मामा आला. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावी, नदीकाठच्या देवीच्या देवळात जाऊळ ठरलं, आणि मला आग्रहाचं बोलावणं. मी शकीलालाही घेऊन गेले. चिंचेखाली वरण-बट्टीचा घाट, वांग्याच्या भाजीचा वास, देवळाच्या ओसरीत आणखी दोन-तीन घरांची जाऊळं, डफ, नारळ, गर्दी. मी जेवणाकडे लक्ष द्यायचं सोडून आबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वर्षाने रात्रीची ड्यूटी मागून घेतली होती, दुपारची गाडी धरून तिला भुसावळला परतायचं होतं. शिवूचे कपडे तिने दोन पिशव्यांत भरून आणले होते. एक परतीची, आणि एक, तो इथेच राहिला तर म्हणून. ते मला तिने गाडीतच सांगितलं होतं आणि खिडकीबाहेर बघत बसली होती.

शिवू मामाच्या मांडीवर बसला. न्हाव्याने देवीचं नाव घेऊन पहिली बट कापली, शिवूच्या धुळ्याच्या आत्याने ती ओच्यात झेलली. दोन्ही वेण्या रिबिनींसकट गेल्या. खाली निघालं एक गुळगुळीत, गोरं डोकं, आणि कानावर डाग म्हणून नाही. अक्कांनी त्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं.

आता हा झोपायच्या वेळी काय करतो, ही माझी धास्ती. जेवणं होईपर्यंत त्याचे डोळे जड झाले. त्याने हात कानाच्या वर नेला. काहीच नाही. पुन्हा चाचपलं. गुळगुळीत. तोंड वाकडं झालं आणि त्याने जे भोकाड पसरलं! आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या. कुणी म्हणालं साखर द्या, कुणी म्हणालं भूक लागली असेल, कुणी खिशातून मोबाईल काढला. वर्षा धावत पुढे झाली, पण तेवढ्यात शिवू अक्कांच्या पिशवीकडे गेला, आत हात घालून वेणी काढली, आणि ती हातात घेऊन सगळ्या बायांना बाजूला सारत ओसरीच्या कोपऱ्यात गेला, जिथे आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या मांडीवर आडवा झाला. वेणी नाकाशी. पीळ, पीळ, पीळ. आबा खाली वाकून बघत होते. झोपलं पोरगं.

वर्षा जागच्या जागी उभी होती. गाडीची वेळ होत आली होती. दोन्ही पिशव्या तिच्या हातात होत्या, आणि कुठली ठेवायची ते तिने आबांना डोळ्यांनीच विचारलं. मला तर आपल्याच पोरीचा निकाल लागत असल्यासारखं झालं.

आबा हळूच म्हणाले, "दोन्ही ली जाय. पोऱ्या उठना की मीच त्याले भुसावयले ली येस. तू व्हय पुढे, बेटा. तुनी गाडी चुकी जाई."

वर्षाने वाकून त्यांच्या पायाला हात लावला, शिवू जागा होऊ नये म्हणून अगदी अलगद, आणि पिशव्या घेऊन निघाली. चिंचेपाशी पोचली तेव्हा ती जवळजवळ पळत होती. मी डोळे पुसत होते, शकीला नाक पुसत होती, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या घराचं जाऊळ सुरू झालं. डफवाल्याने ओसरीत येऊन पहिली थाप मारली. आबांना उठता येत नव्हतं, मांडीवर पोरगं होतं. त्यांनी बसल्या जागेवरून असा आवाज टाकला की देवळातली कबुतरं उडाली.

"ए, वाजाडू नको! मना नातू निजेल शे! त्यानी माय इंजनवर गयेल शे!"